डोंगराआडचा पाऊस

युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) बालाघाटाच्या डोंगररांगेच्या मुलखात येतं, पण इथल्या पावसाचा हिशेब शेकडो किलोमीटर पश्चिमेला, सह्याद्रीवर होतो. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा घाट चढते आणि थंडावते. ढग धरेपर्यंत ती दर किलोमीटर चढाला सुमारे 10 अंशांनी थंड होते. ढग धरले की वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, मग ही घट जवळपास निम्म्यावर येते. घाटमाथ्यावर पाणी सांडून पलीकडे उतरणारी हवा तापते, कोरडी होते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर पायथ्याच्या वाईला हजाराच्याही आत. बीड जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आसपास.

मग बालाघाट काय करतो? फारसं नाही. तो पठारावरच बसलेला, ढग अडवण्याइतकी उंची त्याला नाही. दुष्काळाचं खापर त्याच्यावर फोडू नये. उलट मांजरा नदी त्याच्याच कुशीत उगम पावते. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण भरायला मात्र बऱ्याचदा सप्टेंबर उजाडतो, बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पूर्वेकडून पाऊस येतो तेव्हा.