सर्पगंधा, ससे आणि मेंदूचें रसायन

औषधांची शरीरावर क्रिया कशी घडते, याचा अभ्यास विद्यापीठाच्या औषधशास्त्र विभागांत चालतो. रोग्याच्या दृष्टीनें औषध हा उपाय असतो. संशोधकाच्या हातीं मात्र तेंच औषध शरीराला प्रश्न विचारण्याचें साधन होतें. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या अशा विभागांत १९५७ सालीं मेंदूलाच एक प्रश्न विचारण्यांत आला.

साधन होतें रेसर्पिन. सर्पगंधेच्या मुळांतून हें द्रव्य १९५२ सालीं वेगळें काढण्यांत आलें. ही वनस्पति भारतीय वैद्यांस पूर्वापार ठाऊक होती. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयीं १९४९ सालीं ब्रिटिश नियतकालिकांत निबंध लिहिला आणि पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष तिजकडे वळलें.

आर्विद कार्लसन व त्यांचे सहकारी यांनीं सशांना रेसर्पिन टोंचलें, तों ते ग्लानि येऊन निश्चल झाले. नंतर डोपा नांवाचें द्रव्य दिलें; थोड्याच वेळांत ससे पूर्ववत् हिंडूं लागले! डोपापासून शरीरांत नॉरअॅड्रिनॅलिन बनतें. तेव्हां मेंदूंत तेंच परत आलें असावें, हा तर्क सहज सुचण्यासारखा होता. परंतु मेंदू तपासले असतां त्याची तूट भरून आलेली दिसेना.

मग या दोहोंमधील केवळ एक पायरी मानलेलें डोपामिन मोजण्याचें ठरलें. प्रकाश पाडला असतां द्रव्य किती चमकतें, यावरून त्याचें सूक्ष्म प्रमाण काढण्याची रीत कार्लसन अमेरिकेंत शिकले होते. तिच्या साहाय्यानें १९५८ सालीं उलगडा झाला: रेसर्पिननें डोपामिन नाहींसें होतें, डोपानें तें परत येतें. कार्लसन यांचे विद्यार्थी बर्टलर व रोझेनग्रेन यांनीं पुढच्याच वर्षीं दाखविलें, कीं त्याचा सांठा मुख्यतः हालचालींचें नियमन करणाऱ्या भागांत असतो.

१९६० सालीं लंडनच्या परिषदेंत नामांकित शास्त्रज्ञांनीं या मतावर अविश्वास दर्शविला. त्याच वर्षीं व्हिएन्ना विद्यापीठांत एहरिंगर व होर्निकीविच यांनीं कंपवातानें मृत झालेल्यांचे मेंदू तपासले. त्याच भागांत डोपामिन फारच कमी आढळलें. १९६१ सालीं डोपा टोंचल्यावर अंथरुणास खिळलेले कांहीं रोगी उठून चालूं लागले. रोग समूळ जात नाहीं. तरी लेव्होडोपा आजहि त्यावरील प्रमुख औषध आहे. कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

ससे उठले, तेवढ्यावरच समाधान मानलें असतें, तर हा शोध हुकला असता. सहज सुचलेलें उत्तरहि मोजून पाहावें, हीच अशा विभागांतील खरी शिकवण होय.