रुमालात बांधलेली घराणी

अणदूरच्या खंडोबाला वर्षातून एकदा गाव बदलावं लागतं. सव्वादहा महिने मुक्काम अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला. मूर्ती एकच आणि देवळं दोन. देव न्यायचा-आणायचा म्हणजे दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो, देव परत कधी पाठवायचा ते ठरतं, आणि मग पालखी हलते. देवालाही कागदाशिवाय वेस ओलांडता येत नाही, तिथे माणसाला आपण कुणाचे कोण हे कागदावर दाखवावं लागलं तर नवल नाही. फक्त देवाचा कागद मानकऱ्यांकडे असतो, माणसाचा कुठे असतो ते आधी शोधावं लागतं.

इंग्लंडातल्या खेड्यात हा शोध चर्चच्या दारात सुरू होतो. 1538 साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. 1837 मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली तोवर तीनशे वर्षं ती वही चालली. चर्चच्या हद्दीतला शेतमजूरसुद्धा त्या वहीत बहुधा तीनदा यायचा. आपल्याकडे अशी वही कुणी ठेवली नाही. माणसाचं नाव लिहिलं गेलं ते कशाच्या तरी निमित्तानं: शेतसारा, शाळा, तीर्थ, चोरी, कर्ज. त्यामुळे अणदूरचा माणूस पणजोबा शोधायला निघाला, की त्याला आधी पणजोबानं आयुष्यात काय काय केलं असेल याचा अंदाज बांधावा लागतो.

सगळ्यात जवळचं दार शाळेचं. प्रवेश-निर्गम नोंदवही, जिला जुनी माणसं जनरल रजिस्टर म्हणतात, तिच्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, गाव असतं. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा निघतो, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजींना पोर सहा वर्षांचं दिसलं की तारीख तयार असायची. दुसरं दार कोतवाल बुकाचं, म्हणजे गाव नमुना 14. जन्म आणि मृत्यू कोतवालानं सांगायचा, पाटलानं नोंदवायचा. पॅरिशच्या वहीच्या सगळ्यात जवळ जाणारं आपलं कागदपत्र हेच. पण कित्येक ठिकाणी मुलाचं नावच नसतं, नुसतं बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली.

मग जमीन. सातबारा, त्यामागचे फेरफार, त्यामागे 1954-55 च्या सुमाराचं खासरा पत्रक. मराठवाड्यात जमिनीचा वाद असो की वारसाचा, जाणता माणूस आधी विचारतो, ‘खासऱ्यात काय आहे?’ एक फेरफार नीट वाचला तर एका पिढीचा उलगडा होतो: अमुक मयत, वारस तमुक, सज्ञान इतके, अज्ञान इतके. ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, दिसलं की समजावं, बाप लवकर गेला आणि पोरं कुणाच्या तरी पालनात वाढली. ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, दिसलं की थोरल्या भावाच्या नावावर सगळं आहे, धाकटे कागदाबाहेर आहेत. तीन अक्षरांमागे एकेका घराची कर्मकथा असते, आणि तलाठ्याला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

याच्या मागे गेलं की लिपी बदलते. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. त्यातही नळदुर्ग जिल्हा 1853 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि 1860 मध्ये परत आला. ‘ठगाची जबानी’ लिहिणारा मेडोज टेलर त्या काळात इथला अधिकारी होता. निजामाच्या दरबाराची भाषा आधी फारसी, 1884 च्या सुमारास उर्दू झाली. कुलकर्ण्याचं दप्तर मात्र मोडीत. म्हणजे एकाच शेतकऱ्याचं नाव गावात मोडीत, वरच्या कचेरीत उर्दूत. उर्दूत नुक्ते गळले की ‘प’चा ‘ब’ व्हायला वेळ लागत नाही, आणि मोडीत लेखणी न उचलता लिहिताना काना-वेलांटी आपोआप पुसट होते. वर्षही फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं. 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 पासून पुढचं एक वर्ष. साधा हिशेब असा, की फसलीत 590 मिळवावेत, इंग्रजी साल उलटल्यावर 591. महिने आजूर, दै, बहमन. हे ठाऊक नसलेला माणूस पणजोबाला सहाशे वर्षं मागे नेऊन बसवेल.

हे सगळं तहसीलच्या अभिलेख कक्षात कापडी रुमालात बांधून ठेवलेलं असायचं. रुमाल सोडला की आधी धूळ, मग कसर, मग कागद. 2023 पर्यंत तिथे वकील आणि भाऊबंदकीत अडकलेले लोकच जात. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सरकारी यंत्रणाच रुमाल सोडू लागली. आरक्षणाचा वाद बाजूला ठेवू, त्यावर भांडणारे पुष्कळ आहेत. मला त्या समितीनं कोणकोणती कागदपत्रं तपासायला घेतली त्याची यादी मोलाची वाटते. खासरा, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, 1951 चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर ही तर आलीच. पण त्यात ताडी नोंदवही आहे, कच्च्या कैद्यांचं रजिस्टर आहे, अटक पंचनामे आहेत, वक्फकडचे मुंतखब आहेत, बटाईपत्रक, इसार पावती, दत्तक विधान आहे. मराठवाड्यातल्या माणसाचं नाव कुठे कुठे सांडलेलं असू शकतं, याचा इतका चांगला नकाशा कुठल्याही विद्यापीठानं काढलेला नाही. ज्याचा आजोबा ताडीच्या दुकानाचा परवाना घेऊन बसला किंवा चार दिवस कोठडीत राहून आला, त्याच्या नातवाला आज त्याचा फायदा होऊ शकतो!

मोडी वाचकांचा भावही तेव्हा वधारला. लग्नपत्रिकेवर हौसेनं मोडी काढणाऱ्यांना एकाएकी कचेरीतून बोलावणी आली. जुनं हस्ताक्षर वाचणारा माणूस आधी शब्द वाचतच नाही, लिहिणाऱ्याचा हात ओळखतो. हा कुलकर्णी ‘क’ असा काढतो, ‘बिन’ असा मोडतो, हे दोन पानांत डोळ्यांत बसलं की पुढचं दप्तर सरसर सुटतं.

कचेरीबाहेरच्या नोंदी मला जास्त आवडतात. त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या गावांनुसार आणि आडनावांनुसार लावलेल्या असतात. अस्थी घेऊन गेलेला मुलगा तिथे आपल्या आजोबाचा लेख बघतो, आणि खाली आपला लिहून येतो. अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळी संस्थेनं 1977 पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांची मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली होती. खाली सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या पट्ट्यात हेळवी फिरतात. सुगी झाली की बैलावर बसून दारात येतात आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, वही उघडून नवी पोरं लिहून घेतात, धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात. सरकारी कागद मूळ पुरुषापाशी जेमतेम पोचतो. हेळवी मात्र तो कुठल्या गावाहून आला, कुठल्या दुष्काळात उठला, तिथून सुरुवात करतो. ते सगळं खरं असेल असं नाही. पण तहसीलदाराला हे कुणी विचारलंच नव्हतं.

जनगणनेचा मात्र उपयोग शून्य. इंग्लंडात शंभर वर्षांनी घरोघरची पत्रकं खुली होतात, 1921 ची 2022 मध्ये झाली. आपल्या 1948 च्या जनगणना कायद्यानं ती कुणालाच पाहता येत नाहीत.

आणि बाया. वंशावळीचा कागद पुढ्यात घेतला की तो नुसता पुरुषांचा निघतो. बायको आली तर ‘भ्र.’ म्हणून, म्हणजे भ्रतार अमुक, त्यात तिचा बाप गेला. मुलगी लग्न होऊन गेली की पानावरून गेली. पणजीचं माहेर शोधायचं तर सगळी दारं बंद होतात, एक सोडून. 1956 च्या वारसा कायद्यानंतर लेकींचाही हिस्सा आला, आणि तो भावांना सोडून देण्यासाठी त्यांना कचेरीत यावं लागलं. त्या हक्कसोड पत्रात ती अमुकची मुलगी आणि तमुकची बायको, दोन्ही गावांसकट लिहिलेली असते. कित्येकींची माहेर आणि सासर एकत्र सांगणारी नोंद तेवढीच. जमीन सोडली म्हणून ती सापडते. खाली सही नसते, डाव्या अंगठ्याची निशाणी असते, आणि ती वाचायला मोडी लागत नाही.