गुळाच्या विक्रीस इंटरनेटची जोड

कोल्हापूर भागातील गुळाचा सौदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे सांगावयास नको की तेथे गुळाची परीक्षा प्रथम डोळ्यांनी होते. रवा फोडला, रंग पाहिला, कण पाहिला, की बोली सुरू होते. पिवळाधमक गूळ वर चढतो व तांबूस गूळ खाली राहतो. यात व्यापाऱ्याचा दोष फारसा नाही. ज्या गिऱ्हाइकासाठी तो माल घेतो, ते गिऱ्हाईकच पिवळा गूळ मागते. परंतु याचा परिणाम असा होतो की, जो शेतकरी रस उकळताना हायड्रोससारखे द्रव्य सढळ हाताने घालून रंग उजळ करतो त्यास दोन पैसे अधिक मिळतात, आणि जो ते घालीत नाही त्यास आपल्या प्रामाणिकपणाचा जणू दंड भरावा लागतो. सौद्यात उभे राहून त्याने आपल्या गुळाची हकीकत सांगू म्हटले तरी ती ऐकण्यास तेथे कोणास सवड नसते. ही हकीकत ऐकणारा मनुष्य निराळाच आहे. तो म्हणजे प्रत्यक्ष गूळ खाणारा. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन आज बहुतेक शेतकऱ्यांच्या खिशात आहे. त्याचा उपयोग कसा करावा व कोणत्या मर्यादेत करावा, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

ही कल्पना नवी नाही

मालाची नुसती वाहवा न करता मालासंबंधी उपयुक्त माहिती देत राहावे व त्या माहितीच्या विश्वासावर माल खपावा, ही रीत इंटरनेटच्या पुष्कळ आधीची आहे आणि तिचा शेतीशी निकटचा संबंध आहे. अमेरिकेत नांगर करणाऱ्या जॉन डीअर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ या नावाचे नियतकालिक काढले. फरो म्हणजे नांगराचे तास. त्यात शेतीची माहिती दिलेली असे, आणि ते आजही निघत आहे. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केले तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. ती नुसत्या जाहिरातीने जाण्यासारखी नव्हती. नांगर चालवून दाखविणे व लोकांस समजावून सांगणे हाच उपाय होता. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याची वार्ता देण्यास निघालेले ते पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या हाती महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले.

त्या काळी अशा कामास छापखाना व टपालखर्च लागे; म्हणून ते मोठ्या कारखान्यासच परवडे. २०१६ पासून मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले व त्याच वर्षी यूपीआयने पैसे देण्याघेण्याची सोय सुरू झाली. त्यामुळे दोन एकर उसाच्या धन्यासही आता ही रीत आचरता येते. लोखंडी नांगराविषयी जसा गैरसमज होता, तसाच आज तांबूस गुळाविषयी आहे. आणि उपायही तोच, म्हणजे दाखविणे व सांगणे.

काय दाखवावे

पुष्कळ शेतकरीबंधू मोबाईलवर आपल्या मालाचे छायाचित्र टाकतात व खाली ‘शुद्ध, अस्सल, एक नंबर’ असे लिहितात. हे शब्द सर्वच विक्रेते लिहीत असल्यामुळे त्यांस काही किंमत उरलेली नाही. त्याऐवजी गुऱ्हाळघरात जे घडते तेच क्रमाक्रमाने दाखवावे. ऊस तोडल्यावर किती तासांत चरकावर आला. रसात चुन्याची निवळी किती व कशासाठी घातली. भेंडीच्या चिकाने मळी कशी वर येते व ती कशी काढली जाते. काहिलीखाली चिपाडाचा जाळ कसा राखला जातो. ११६ ते ११८ अंश सेल्सियसच्या सुमारास पाक आला हे गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून कसे ओळखतो. आणि शेवटी वाफ्यात ओतलेला पाक ढवळताना त्यास कण कसा धरतो. आपणांस रोजचीच असलेली ही कृती शहरातील मनुष्याने बहुधा कधी पाहिलेली नसते. गुळव्याचा एक थेंब पाहून त्याची जितकी खात्री पटेल तितकी दहा विशेषणांनी पटणार नाही.

दुसरा विषय रंगाचा. येथे सावधगिरी हवी. ‘काळा तोच शुद्ध’ असे सांगत सुटणे म्हणजे एका गैरसमजाच्या जागी दुसरा बसविणे होय. गुळाचा रंग उसाची जात, जमिनीतील क्षार, दिलेली खते, उसाची पक्वता व चुलाणाची आंच या सर्वांवर अवलंबून असतो. करपलेला गूळही काळाच असतो. हे जसे आहे तसे सांगावे. आपला गूळ तांबूस का आहे याचे कारण द्यावे, आणि शक्य तेथे आपल्या आधणाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेऊन तो दाखला, तारीख व आधण यांच्या उल्लेखासह, ग्राहकासमोर ठेवावा.

तिसरा विषय ग्राहकाच्या प्रश्नांचा. आमच्या मते तो सर्वांत मोलाचा होय. गूळ घातल्यावर चहाचे दूध का फाटते, तिळाच्या वड्यांस चिक्कीचा गूळ घ्यावा की साधा, पावसाळ्यात गुळास पाणी का सुटते, डब्यात तो कसा ठेवावा, काकवी व गूळ यांत भेद काय, असे प्रश्न गृहिणी नेहमी विचारतात. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ही एक टिपणी किंवा दोन मिनिटांची चित्रफीत होऊ शकते. चहा उतरवून किंचित निवल्यावर गूळ घालावा एवढे साधे सांगणेही ज्याने सांगितले, त्याचे नाव त्या स्वयंपाकघरात राहते. असे प्रश्न एका वहीत टिपून ठेवावेत, म्हणजे ‘आज काय लिहावे’ ही अडचण पडत नाही.

काळवेळही साधावी. संक्रांतीस तिळगूळ व गूळपोळी, होळीस पुरणपोळी, पाडव्यास कडुनिंबाबरोबर गूळ, हे सण म्हणजे गुळाच्या खपाचे दिवस होत. टिपणी सणाच्या दिवशी न टाकता दोन-तीन आठवडे अगोदर टाकावी, म्हणजे मागणी येऊन माल वेळेवर पोहोचतो. गुऱ्हाळ बंद असते त्या पावसाळ्यात उसाची वाढ, भरणी, पाणी व साठवण यांविषयी लिहावे. वर्षातून चार महिने बोलून आठ महिने गप्प बसणाऱ्यास ग्राहक विसरतो.

कोठे दाखवावे

साधने पुष्कळ आहेत. परंतु सर्वांच्या मागे धावणारा कोठेच टिकत नाही. आरंभी दोनच पुरेत. पहिले व्हॉट्सॲप. व्यवसायासाठी त्याचे निराळे ॲप २०१८ पासून मिळते. त्यात मालाची यादी, दर व पत्ता मांडून ठेवता येतो. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांस एकदम निरोप धाडता येतो. मात्र ज्यांनी आपला क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये साठविला आहे त्यांसच तो पोहोचतो. सबब गुळाच्या प्रत्येक वेष्टनावर ‘हा क्रमांक साठवून ठेवावा’ अशी विनंती छापावी. स्टेटसवर टाकलेले चित्र २४ तासांनी नाहीसे होते. म्हणून आजची तोड, आजचे आधण अशी रोजची वार्ता तेथे द्यावी. कोणासही त्याच्या संमतीवाचून यादीत घालू नये, व आठवड्यातून एक-दोन निरोपांपलीकडे जाऊ नये.

दुसरे साधन यूट्यूब. तेथे ठेवलेली चित्रफीत वर्षानुवर्षे राहते, आणि ‘गूळ घातल्यावर दूध का फाटते’ असे शोधणाऱ्या अनोळखी मनुष्यास ती सापडते. यास्तव टिकाऊ माहिती तेथे ठेवावी. शीर्षक ग्राहक ज्या शब्दांनी प्रश्न विचारतो त्याच शब्दांत द्यावे. भारी कॅमेऱ्याची आवश्यकता नाही. सकाळचा उजेड, स्थिर धरलेला मोबाईल व चरकाच्या आवाजापासून दूर राहून स्पष्ट बोलणे एवढे पुरते. भाषा आपली नेहमीचीच असावी.

हिशेब

या उद्योगाची धाव किती, हे आकड्यांनीच पाहू. समजा ५० कुटुंबे दरमहा २ किलो गूळ नेमाने घेऊ लागली, तर वर्षाचा खप १,२०० किलो, म्हणजे १२ क्विंटल होतो. उसापासून गुळाचा उतारा शेकडा ११ धरला तर त्यास सुमारे ११ टन ऊस लागेल. एकरी ४० टन उत्पन्न धरल्यास तो केवळ ११ गुंठ्यांतला ऊस झाला. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, सर्व गूळ या मार्गाने विकू असे म्हणणारा फसेल; सौद्याचा मार्ग त्याने सोडू नये. दुसरी, ५० कुटुंबे मिळविणे आटोक्यातले असून तेवढ्यानेही ११ गुंठ्यांचा दर सौद्यातील रंगाच्या हाती राहत नाही.

दराचा विचार करताना मात्र वेष्टन, कुरियर, वाटेत फुटलेला माल, परत आलेला माल, नमुना तपासणी व स्वतःचा वेळ हे सारे खर्चाच्या बाजूस मांडावे. एक-एक किलो गूळ दूर धाडण्यात वाहणावळच नफा खाते. म्हणून एका शहरातील दहा-वीस कुटुंबांची मागणी एकत्र करून एकाच ठिकाणी माल उतरविण्याची व्यवस्था करावी. पैशांच्या बाबतीत एक इशारा देणे अवश्य आहे : यूपीआयने पैसे घेताना पिन कधीच द्यावा लागत नाही. जो पिन मागेल किंवा पैसे देण्यासाठी आपल्याकडून काही ‘मंजूर’ करवू पाहील, तो ठक समजावा.

कायद्याची व सत्याची मर्यादा

गूळ करून विकणे हा अन्नव्यवसाय असल्याने २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करून १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. बंद वेष्टनावर करणाराचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तारीख, कमाल किंमत व तक्रारीचा क्रमांकही असावा लागतो. ‘सेंद्रिय’ हा शब्द रासायनिक खत न घातल्याच्या नुसत्या सांगण्यावर वापरू नये. त्यास प्रमाणीकरण लागते. ‘कोल्हापूर गूळ’ या नावास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या मानांकनाचा आधार घ्यावयाचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी.

याहून मोठी मर्यादा सत्याची. गूळ मधुमेहास चालतो, गुळाने अमुक रोग बरा होतो, असे लिहिण्याचा मोह पुष्कळांस होतो. गूळ हा मुख्यतः शर्करेचाच पदार्थ आहे. साखरेत नसलेले काही क्षार त्यात असले तरी मधुमेह्याने तो औषध म्हणून खावा असे सांगणे अपायकारक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दंडही सांगितला आहे. एका मनुष्यास अपाय झाला तर ५० कुटुंबांचा विश्वास एका दिवसात जाईल. तीच गोष्ट तक्रारीची. आलेली तक्रार पुसून टाकू नये; सर्वांसमक्ष उत्तर द्यावे, माल बदलून द्यावा व कारण सांगावे. तक्रारीस मिळालेले उत्तर इतर ग्राहक फार लक्षपूर्वक वाचतात.

एकट्याचे की सर्वांचे?

देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक हापूस फळावर निराळ्या क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा उपक्रम सुरू केला. ग्राहकाने तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवून फळ खरे देवगडचे की नाही याची खात्री करून घ्यावी, अशी ती योजना आहे. एकट्या बागायतदारास जे जमले नसते ते संस्थेने हाती घेतले. गुळाच्या बाबतीतही गावातील चार-पाच गुऱ्हाळवाल्यांनी एकत्र यावे. एका सुशिक्षित तरुण-तरुणीने लेखन व चित्रण सांभाळावे, दुसऱ्याने मागणी व पाठवणी पाहावी, नमुने एकत्र तपासावेत, आणि रव्यावर आधणाचा क्रमांक घालावा. मात्र अशा मंडळात शिरलेला एकही लबाड सर्वांचे नाव घालवितो; म्हणून नियम आधी ठरवावेत व तपासणी कडक ठेवावी.

येत्या गळितात ज्यांची गुऱ्हाळे लागतील त्यांनी सर्व गूळ नव्हे, तर एका आधणाचाच गूळ या प्रयोगास बाजूस काढावा, असे आमचे सुचविणे आहे. त्या आधणाची हकीकत उसाच्या तोडीपासून वेष्टनापर्यंत खरी खरी सांगावी, आणि तो गूळ कोठे गेला, कोणी पुन्हा मागितला व हाती काय उरले याचा जमाखर्च लिहून ठेवावा. पुढील वर्षी दुसरे आधण काढावे की नाही, हे ती वहीच सांगेल.