डोक्यावरचें ओझें आणि कानाचें सुख

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील भागांत, उन्हाळ्याच्या दिवसांत, डोक्यावर भरलेला हंडा आणि त्यावर कळशी घेऊन येणारी स्त्री हें दृश्य अजूनहि दुर्मिळ झालेलें नाहीं. त्या ओझ्याचें वजन पंधरा-वीस किलो सहज भरतें. तरी तिची चाल डळमळत नाहीं. त्याच घरांतील कॉलेजांत जाणारा मुलगा मात्र हेडफोन लावून तासभर पाठ ऐकतो आणि टाळू चोळीत उठतो. त्याच्या डोक्यावरील यंत्राचें वजन असतें अवघें पावकिलो! वीस किलोनें जें होत नाहीं तें पावकिलोनें कां व्हावें? प्रश्न गमतीचा खरा. परंतु हल्लीं पुष्कळांचें शिकणें आणि पुष्कळ वृद्धांचें वाचन कानांच्या वाटेनें होऊं लागलें असल्यामुळें तो केवळ गमतीचा राहिलेला नाहीं. मनुष्य अर्ध्या तासांत यंत्र काढून ठेवतो आणि दोष व्याख्यात्याला देतो. वास्तविक कंटाळलेली असते ती टाळू.

हंड्याखालीं चुंबळ असते. जुन्या लुगड्याची ती वळकटी हंड्याचें वजन एका ठिकाणीं टोंचूं देत नाहीं, वर्तुळाकार पसरते. पण एवढ्यानें उत्तर पुरें होत नाहीं. वीस किलोचें ओझें शंभर चौरस सेंटिमीटर जागेवर पसरलें असें धरलें, तरी दर चौरस सेंटिमीटरला दोनशें ग्रॅम पडतात. तीनशें ग्रॅमचा हेडफोन टाळूच्या तीनच चौरस सेंटिमीटरवर टेंकला, तरी तेथें शंभर ग्रॅम पडणार. म्हणजे दाब हंड्याचाच अधिक. भेद आहे तो काळाचा. पाणवठ्यापासून घर दहा-पंधरा मिनिटांवर असतें, पावलागणिक ओझें किंचित् हलतें आणि घरीं आल्याबरोबर तें उतरतें. हेडफोन मात्र दोन-दोन तास त्याच जागेवर, तसूभरहि न हलतां बसून असतो. (हंड्यानें मान दुखत नाहीं, असा मात्र याचा अर्थ कोणी करूं नये, तें दुःख सांगण्याची चाल नाहीं, एवढेंच.)

त्वचेतील केशवाहिन्या अत्यंत बारीक. त्यांतील रक्ताचा दाब लँडिस नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३० सालीं प्रत्यक्ष मोजला. बोटाच्या त्वचेंत, केशवाहिनीच्या धमनीकडील टोंकाशीं, तो पाऱ्याच्या सुमारें ३२ मिलिमीटर इतका भरला. वजनाच्या भाषेंत सांगावयाचें तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४३ ग्रॅम. याहून अधिक दाब बाहेरून पडत राहिला म्हणजे तेथील रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि थोड्या वेळानें ती जागा ठणकूं लागते. ही सीमा कांहीं लोखंडी नव्हे. व्यक्तीप्रमाणें आणि जागेप्रमाणें ती बदलते. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला दर कांहीं वेळानें कुशीवर वळवितात, तें याच कारणास्तव. टाळूवर तर कातडीखालीं लगेच हाड. मांसाची गादी तेथें नाहीं. म्हणून तोच तीनशें ग्रॅमचा हेडफोन रुंद, मऊ पट्टीनें दहा चौरस सेंटिमीटरवर टेंकविला कीं दाब तीस ग्रॅमवर येतो आणि बसणारा मनुष्य तास-दीड तास निवांत बसतो. वजन तेंच, सोय निराळी. कित्येक हात लांबीचा फेटा दिवसभर बांधून वावरणाऱ्याचें डोकें दुखत नाहीं, यांतहि हेंच मर्म आहे.

तथापि सारें वजन टाळूवरच पडतें असेंहि नाहीं. कानांवरील दोन गाद्या दोन्ही बाजूंनीं डोकें आवळून धरतात आणि त्या पकडीनें कांहीं भार गालफडांच्या वरच्या अंगाला पेलला जातो. येथें वजन दुसरा डाव साधतें. यंत्र जितकें जड, तितकी तें घसरूं नये म्हणून पकड घट्ट ठेवावी लागते. म्हणजे जड यंत्र वरून दाबतें आणि बाजूनेंहि चिमटतें. चष्मा वापरणाराची तर दुहेरी शिक्षा! चष्म्याची काडी कानामागें गादीखालीं सांपडते आणि जो दाब गादीभर पसरावयाचा तो काडीच्या रेघेवर एकवटतो.

मानेचा हिशेब आणखी वेगळा. माणसाचें डोकें साडेचार-पांच किलोचें असतें; त्यांत पावकिलोची भर म्हणजे शेंकडा पांच. ताठ बसून ऐकणाराला ती जाणवत नाहीं. परंतु टिपणें घेण्यासाठीं वहीवर वांकलेल्या विद्यार्थ्याचें डोकें मानेच्या पुढें येतें आणि तुळईच्या टोंकाला लटकविलेल्या वजनाप्रमाणें तें मागील स्नायूंना ओढूं लागतें. त्यांतच पट्टी कपाळाकडे सरकते. पाटावर वही ठेवून, पाठीला बाक काढून अभ्यास करणाराला हलका हेडफोनहि जड होतो.

हें दुखणें नवें नव्हे. १८८० च्या सुमारास अमेरिकेतील टेलिफोन-केंद्रांत कामगारांसाठीं गिलिलँड यानें केलेला साज सहा पौंडांहून अधिक वजनाचा होता व तो चक्क खांद्यावर वागवावा लागे. यूटा प्रांतांतील नॅथॅनिएल बाल्डविन यानें आपल्या स्वयंपाकघरांत बसून केलेले हेडफोन १९१० सालीं अमेरिकन आरमारानें घेतले, तेव्हांपासून हें यंत्र डोक्यावर चढलें. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा आणि परिणामकारक पल्ला सुमारें ४८ किलोमीटरचा. त्या टापूंतील हौशी मनुष्य बॅटरीवांचून, साध्या स्फटिकाच्या सेटवर, हेडफोन लावून गाणें ऐकूं शके. बुलढाणा मुंबईपासून सरळ रेषेंत जवळजवळ ३९० किलोमीटर; तेथें स्फटिकाचा सेट मुकाच राहावयाचा. नागपूरचें केंद्र १९४८ च्या जुलै महिन्यांत निघालें, तेंहि तीनशें किलोमीटर दूर. एक-दोन व्हाल्वच्या सेटला ध्वनिक्षेपक हलविण्याइतकी शक्ति नसे. म्हणून दूरचें केंद्र ऐकूं इच्छिणाराला पोलादी पट्टीचे, पोलादी चुंबकाचे ते जड फोन कानांना लावूनच बसावें लागे. युरोपांतील कुटुंबें यावर एक युक्ति करीत: फोन धातूच्या वाडग्यांत ठेवावयाचा आणि सर्वांनीं भोंवतीं बसावयाचें!

ओझें उतरलें तें मुख्यत्वें चुंबकामुळें. पोलादाचा चुंबक दुर्बळ, म्हणून तो मोठा घ्यावा लागे. पुढें निकेल, अॅल्युमिनियम व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूंचे, मग समेरियमचे व १९८० नंतर निओडिमियमचे चुंबक आले. तितकेंच बळ चिमूटभर धातूंत मावूं लागलें. १९६८ सालीं जर्मनीच्या सेन्हायजर कंपनीनें स्पंजाच्या उघड्या गाद्यांचा हेडफोन काढला, तो दीडशें ग्रॅमच्या आंतला. १९७९ सालीं सोनीच्या वॉकमनबरोबर आलेला तर पन्नास ग्रॅमच्या आसपास. यानंतर ओझें कायमचें गेलें असें वाटावें, तों बिनतारी यंत्रांत बॅटरी शिरली, बाहेरचा गोंगाट मारणारी योजना शिरली, शोभेसाठीं धातूच्या वाट्या आल्या आणि कांटा पुनः अडीचशें ते पावणेचारशें ग्रॅमवर गेला. प्रगति ही नेहमीं एकाच दिशेनें चालते असें नाहीं.

मग सर्वांत हलकें तेंच घ्यावें काय? तसेंहि नाहीं. हलका, उघड्या गादीचा हेडफोन बाहेरचा आवाज आंत येऊं देतो. मलकापूर किंवा शेगांव स्टेशनजवळच्या घरांत, गाड्यांच्या धडधडाटांत, ऐकणारा नकळत आवाज वाढवितो आणि टाळू वांचवून कान गमावतो. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे; आवाज तीन डेसिबलनीं वाढला कीं सुरक्षित काळ निम्मा होतो. उलट बंद गादीचा जड हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवितो, पण वैशाखांत खामगांवीं त्याच्या कातडी गादीखालीं घामाची धार लागते. शांत खोलींत रात्रीं ऐकणारानें हलका घ्यावा. गजबजलेल्या घरांत बंद गादीचा घ्यावा व त्याची पट्टी रुंद आहे कीं नाहीं हें पाहावें.

दुकानांत दोन मिनिटें लावून कांहींच कळत नाहीं; निदान वीस मिनिटें, चष्म्यासकट, मान खालीं घालून पाहावें. पट्टीची लांबी अशी जमवावी कीं भार टाळू आणि गाद्या यांत वांटला जाईल. घरांत जड हेडफोन आधींच असेल तर दर अर्ध्या तासानें तो उतरवावा, किंवा पट्टी बोटभर पुढें-मागें सरकवावी. आणि पट्टीखालीं जुन्या मऊ धोतराची चौपदरी घडी गुंडाळावी. घाटाखालच्या त्या बाईची चुंबळ तीच.