गाठ फुफ्फुसात, पण मूळ गाव कुठलं?

मागे बोटींचा आवाज येतोय, दिवाळे जेट्टीजवळ रेकॉर्ड करतोय, सांभाळून घ्या.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए तोच. कोडबेस एकच, कुठे कुठला भाग रन करायचा हे ठरवणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. त्यातलंच पॅक्स घराणं. माणसात ही नऊ भावंडं, पण मुक्काम वेगवेगळे. पॅक्स-५ रक्तातल्या बी पेशींत. पॅक्स-६ डोळ्यात आणि स्वादुपिंडात. त्याची एक प्रत जरी बिघडली, तरी बाळाच्या डोळ्यातला रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, नीट तयारच होत नाही. पॅक्स-८ थायरॉइड, किडनी आणि गर्भाशयात.

आता समजा, कोणाच्या तरी आईच्या फुफ्फुसात गाठ निघाली. तिथलीच, की दुसरीकडून पसरलेली? औषधं यावरच ठरतात. आपल्या शेजारी खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे ना, तशा कॅन्सर केंद्रांत गाठीच्या पातळ कापावर पॅक्स-८ ला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. पेशींची केंद्रकं तपकिरी झाली, की संशय किडनी, थायरॉइड, गर्भाशय, अंडाशयाकडे जातो. फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात बहुधा टीटीएफ-१ हा दुसरा फॅक्टर दिसतो, पॅक्स-८ सहसा नाही.

बाजारात कोळणी नुसत्या तुकडीवरून मासा ओळखतात, तसंच काहीसं. फक्त थायरॉइड इथे घोळ घालतो: त्याच्यात दोन्ही सापडतात! म्हणून डॉक्टर तिसरा मार्कर लावतात, थायरोग्लोब्युलिन.