जुन्या गाडीचा सेल्फ : झीज, दुरुस्ती आणि बदल

सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर, एका वेळी दोन-तीन सेकंदच चालतो. पण तेवढ्या वेळात गाडीतल्या दुसऱ्या कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त करंट ओढतो. लहान पेट्रोल गाडीत हा करंट शंभर ते दोनशे अँपिअरच्या घरात असतो, डिझेल गाडीत त्याहून बराच जास्त. सेल्फ येण्यापूर्वी पुढून हँडल मारून इंजिन फिरवावे लागे, आणि हँडल उलटले तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक मोटारींवर आला आणि हळूहळू हँडल अडीअडचणीपुरतेच उरले. भारतात मोटारींची विद्युत उपकरणे बनवणारी ल्युकस-टीव्हीएस ही कंपनी १९६१ साली मद्रासला स्थापन झाली.

जुन्या सेल्फची रचना दुरुस्ती करणाऱ्याच्या पथ्यावर पडणारी आहे. कार्बन, बुश, सोलेनॉइडचे (विद्युतचुंबकी स्विचचे) कॉन्टॅक्ट हे झिजणारे भाग स्वस्त असतात आणि सुटे बदलता येतात. आर्मेचर (फिरणारा भाग) आणि फील्ड कॉइल (भोवतालची स्थिर वेटोळी) हा त्याचा मूळ ऐवज. तो सहसा झिजत नाही, पण जळू शकतो. दुरुस्ती करायची की नवा सेल्फ घ्यायचा, हे यांतले काय गेले यावर ठरते.

सेल्फची मोटर सीरिज पद्धतीची असते. फील्ड कॉइल आणि आर्मेचर यांतून एकच करंट वाहतो. त्यामुळे थांबलेल्या अवस्थेतच तिचा जोर सर्वांत जास्त असतो आणि थंड, जड इंजिन हलवायला नेमका तोच लागतो. तिच्या दांड्यावरचे लहान पिनियन फ्लायव्हीलच्या मोठ्या रिंग गिअरला फिरवते. दोहोंच्या दात्यांचे प्रमाण ढोबळमानाने एकास दहा ते पंधरा असते.

पिनियन रिंग गिअरमध्ये शिरण्याच्या दोन पद्धती आहेत. अँबॅसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनासारख्या गाड्यांत पिनियन आटे असलेल्या स्लीव्हवर बसते. मोटर झटक्याने फिरली की पिनियन क्षणभर मागे राहते, आट्यांवरून सरकते आणि रिंग गिअरमध्ये घुसते. इंजिन सुरू होताच मागे फेकले जाते. दुसऱ्या पद्धतीत सेल्फच्या पाठीवरचा सोलेनॉइड काट्याने पिनियन आधी आत ढकलतो आणि मग मोटरला करंट देतो. इथे इंजिनाचा वेग मोटरपर्यंत उलटा पोचू नये म्हणून एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. गॅरेजमध्ये दोन्ही यंत्रणांना सर्रास बेंडिक्स म्हणतात.

गाडी सेल्फ घेत नाही म्हणून लगेच सेल्फ खोलू नये. पुष्कळदा दोष बॅटरीत, टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या थरात किंवा इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत असतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट खातो आहे. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या केबलमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर केबल किंवा जोड खराब समजावा.

हेडलाइट लावून सेल्फ मारला तरी बरेच कळते. दिवे पार मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा सेल्फ जाम आहे. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ गप्प, तर करंट मोटरपर्यंत पोचत नाही: स्विच, सोलेनॉइड किंवा झिजलेले कार्बन तपासावेत. नुसती कट-कट उतरलेल्या बॅटरीकडे किंवा सैल जोडाकडे बोट दाखवते. मोटर भन्नाट फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स घसरते आहे किंवा अडकले आहे. आटेवाल्या जुन्या सेल्फचे पिनियन रिंग गिअरमध्ये रुतले, तर इग्निशन बंद करून, टॉप गिअर टाकून गाडी मागेपुढे हलवली की बहुधा सुटते. काही ल्युकस सेल्फच्या मागच्या टोपीखाली दांड्याचे चौकोनी टोक असते; ते पान्याने फिरवूनही पिनियन सोडवता येते.

सेल्फ उतरवण्यापूर्वी बॅटरीची अर्थ केबल काढावी लागते. सोलेनॉइडवाल्या सेल्फची जाड केबल थेट बॅटरीला जोडलेली असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला तर ठिणग्या उडतात आणि पानाही चिकटतो.

टेबलावर पहिली पाहणी कार्बनची. तांबे आणि ग्रॅफाइट यांचे हे ठोकळे स्प्रिंगच्या दाबाने कॉम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, टेकतात. कार्बन निम्म्यावर आला किंवा स्प्रिंग ढिली पडली की संपर्क तुटतो. अशा वेळी सेल्फवर हलकेच ठोकले की तो एखाद्या वेळी चालतो, पण हे कार्बन संपल्याचेच लक्षण आहे. नवा कार्बन जोडताना फील्ड कॉइल तांब्याची आहे की अ‍ॅल्युमिनियमची, हे पाहावे लागते. अ‍ॅल्युमिनियमवर साधे सोल्डर धरत नाही. म्हणून जुन्या कार्बनच्या वेणीचा तुकडा ठेवून नवी वेणी त्यालाच जोडतात.

कॉम्युटेटर काळवंडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करतात, चर पडले असतील तर लेथवर हलका कट मारतात. डायनॅमोमध्ये पट्ट्यांमधला अभ्रक कोरून खोल करतात, तसे अनेक ल्युकस सेल्फमध्ये करायचे नसते. त्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकेत स्पष्ट मनाई आहे.

बुश झिजला की दांडा डुगडुगतो, आर्मेचर फील्डच्या लोखंडाला घासते आणि सेल्फ जड फिरून करंट खातो. हे बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात. बसवण्यापूर्वी चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमध्ये भिजवावेत. घाई असेल तर बुशमध्ये तेल भरून दोन्ही तोंडे बोटांनी घट्ट दाबतात. थोड्या वेळाने बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब उमटतात, म्हणजे बुश तेल प्यायला. असा बुश रीमरने मोठा करू नये, छिद्रे बुजतात.

आटेवाले बेंडिक्स रॉकेलने धुऊन कोरडेच ठेवतात. त्यावर तेल लावले तर क्लचची धूळ चिकटून पिनियन पुन्हा अडकते. सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळले असतील आणि सोलेनॉइड उघडणारा असेल, तर ते उलटवून वापरता येतात.

आर्मेचरची परीक्षा शेवटी होते. टेस्ट लॅम्पचे एक टोक कॉम्युटेटरला, दुसरे दांड्याला लावल्यावर दिवा लागला तर ते अर्थ झाले आहे. आतला शॉर्ट शोधायला ते ग्राउलर या विद्युतचुंबकी तपासणी-उपकरणावर ठेवून वर हॅकसॉचे पाते धरतात. शॉर्ट असलेल्या जागी पाते थरथरते. आर्मेचर किंवा फील्ड जळाली असेल, तर रिवाइंडिंगचा खर्च आणि रिकंडिशन सेल्फची किंमत यांची तुलना करून बदल करणेच बहुधा परवडते.

बदली सेल्फ घेताना पिनियनचे दाते, फिरण्याची दिशा, बोल्टमधले अंतर आणि व्होल्टेज जुन्याशी जुळले पाहिजे. आतून गिअर असलेले नव्या पद्धतीचे सेल्फ हलके असतात आणि कमी करंटमध्ये तेवढाच जोर देतात. आटेवाल्या जागी सोलेनॉइडवाला सेल्फ बसवायचा, तर वायरिंगही बदलावे लागते.

सेल्फ उतरलेला असतानाच रिंग गिअर पूर्ण फेरा फिरवून पाहावा. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोन ठरावीक जागीच थांबते, म्हणून दातेही तिथेच झिजतात. तेवढ्याच जागी सेल्फ करकरत असेल, तर नवा सेल्फ लावूनही उपयोग नाही. रिंग गिअर बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नवी रिंग तापवून फ्लायव्हीलवर चढवतात आणि ती थंड होताना आवळून बसते.

दुरुस्त सेल्फ गाडीवर चढवण्यापूर्वी व्हाइसमध्ये घट्ट आवळून क्षणभर फिरवतात. भाराशिवाय सीरिज मोटरचा वेग बेफाम वाढतो, म्हणून ही चाचणी लांबवायची नसते. गाडीवर बसवताना सेल्फ टेकतो ती जागा घासून लख्ख करावी, कारण परतीचा करंट तिथूनच जातो. त्यानंतरही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला निवू द्यावे.