ऊन आणि त्वचा (लेखांक ४) : रापण्याचे लाभ आणि धोके

उन्हात त्वचा रापते ती मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी असणाऱ्या रंगपेशी हे द्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात. तिथे ते पेशीकेंद्रकावर टोपीसारखे बसते आणि डीएनएपर्यंत जाऊ पाहणारे अतिनील किरण शोषून घेते. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात.

जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के ‘यूव्ही-ए’ असतात, उरलेले ‘यूव्ही-बी’. यूव्ही-एमुळे त्वचेतले आधीचेच मेलॅनिन गडद होते. हा काळवंडलेपणा बहुधा लवकर उतरतो. यूव्ही-बीमुळे येणारा रंग दोन-तीन दिवसांनी दिसतो आणि काही आठवडे टिकतो. पेशींतल्या डीएनएला इजा झाली की नवे मेलॅनिन बनवण्याचा संदेश सुटतो. म्हणजे इजा आधी होते, रंग मागाहून येतो. शिवाय अशा रापलेल्या त्वचेला मिळणारे संरक्षण एसपीएफ ३-४ च्या सनस्क्रीनएवढेच, म्हणजे अगदी जुजबी असते.

उन्हाचा सर्वांत निर्विवाद लाभ म्हणजे ड जीवनसत्त्व. यूव्ही-बी किरणांमुळे ते त्वचेत तयार होऊ लागते, आणि यकृत व मूत्रपिंडांत त्यावर प्रक्रिया होऊन ते कामाला येते. सकाळचे कोवळे ऊन यासाठी उत्तम, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो आणि यूव्ही-बी वाटेतच शोषले जातात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन या कामाचे. गोव्यात डिसेंबरातही भर दुपारी सूर्य सुमारे ५१ अंशांवर असतो. लंडनमध्ये तो जेमतेम १५ अंशांवर येतो. गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उन्हात पहुडणाऱ्या युरोपीय पर्यटकांना हे ऊन नवलाचे वाटते ते त्यामुळेच.

या लाभाला मर्यादाही आहे. ठरावीक वेळेनंतर तेच ऊन ड जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपाचे निष्क्रिय पदार्थांत रूपांतर करू लागते. त्यामुळे त्वचा रापेपर्यंत उन्हात थांबून जास्तीचे काही पदरात पडत नाही. सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो, एवढेच.

किरणांचा औषध म्हणूनही उपयोग होतो. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार केल्याबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आयुर्वेदात कोडावर बावचीचा वापर होतो. तिच्यातले सोरालेन अतिनील किरणांच्या जोडीने आधुनिक उपचारांतही आले. आज सोरायसिस आणि कोड यांवर ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे यूव्ही-बी मोजून दिले जातात. मात्र यात मात्रा डॉक्टर ठरवतात; किनाऱ्यावरच्या उन्हाला तो हिशेब लागू पडत नाही.

धोक्यांत पहिला येतो त्वचा भाजण्याचा. दुसरा सावकाश उमटतो : सुरकुत्या, डाग, सैल पडलेली कातडी. २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका अमेरिकी चालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले. खिडकीकडचा त्याचा डावा गाल खोल सुरकुत्यांनी भरला होता, उजवा त्यामानाने नितळ होता. साधी काच यूव्ही-बी अडवते, यूव्ही-एला मात्र वाट देते. म्हणून काचेआड बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही, पण त्वचा म्हातारी होते. डोळ्यांत मोतीबिंदूची शक्यताही अतिनील किरणांनी वाढते.

सर्वांत गंभीर धोका त्वचेच्या कर्करोगाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सौर किरणे माणसात कर्करोग निर्माण करणारी ठरवली आहेत. २००९ मध्ये रापण्यासाठीच्या कृत्रिम दिव्यांनाही तिने याच वर्गात टाकले, आणि त्याच वर्षी ब्राझीलने त्यांच्यावर बंदी घातली. सावळ्या त्वचेत हा धोका पुष्कळ कमी असतो. तरीही तळपाय, तळहात किंवा नखाखाली होणारा मेलॅनोमा सावळ्या लोकांतही आढळतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो आणि निदान अनेकदा उशिरा होते. तिथला वाढता काळा डाग त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे इष्ट.

व्यवहारात नियम सोपा आहे. त्वचा लाल होण्याच्या बरेच आधी सावलीत यावे. यूव्ही निर्देशांक ३ किंवा अधिक असेल आणि जास्त वेळ बाहेर राहायचे असेल, तर टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन वापरावे. ड जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्यांनी भरून निघते. त्यासाठी रापण्याची गरज नाही.

(क्रमशः)